व्हॅनचं ऑनिंग दर पावसात पोट काढतं? कापडापेक्षा आधी माप तपासा

लक्षणं ठरलेली असतात. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या कडेला बसवून बाहेर ओढायचं कापडी छत, नवं असतं, पहिले दोन-तीन मुक्काम छान जातात, मग एका रात्री जोराची सर येते आणि सकाळी कापडाला मधोमध पोट सुटलेलं दिसतं. खालून काठीने ढोसून पाणी उडवलं की तात्पुरतं बरं वाटतं, पण कापड ताणलं ते ताणलंच. पुढच्या सरीला पोट आणखी मोठं होतं. असं दोन-चार वेळा झालं की समोरची आडवी दांडी वाकते किंवा रॅकवरचा ब्रॅकेट पिरगळतो. मग लोक कापड बदलून घेतात, जाड घेतात, महाग घेतात, आणि वळवाच्या पहिल्या पावसात पुन्हा तेच.

बहुतेक वेळा कापडाचा काही दोष नसतो. गाडीची उंची आणि ऑनिंग किती बाहेर येतं, ही दोन मापं एकमेकांशी जमलेली नसतात. दुकानात कापडाची जाडी, रंग, किती माणसं बसतील यावर बोलणं होतं; ऑनिंग गाडीला जिथे अडकतं ती पट्टी जमिनीपासून किती उंचीवर बसणार हे कुणी विचारत नाही. म्हणून आधी हातात असलेलं ऑनिंग कसं तपासायचं आणि निभवायचं ते पाहू, मग नवीन घेताना काय मोजायचं ते.

पाणी कुठे साचतं, त्यावरून कारण कळतं

घरासमोर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑनिंग उघडा, नेहमी बांधता तसं बांधा आणि वरून १० लिटरची एक बादली सावकाश ओता. पाणी थांबेल तिथे खालून खडूने खूण करा.

मधोमध थांबलं तर उतार कमी आहे, किंवा कापड ओलं होऊन सैलावतंय. नायलॉन पाणी शोषून ढिलं पडतं, पॉलिएस्टर त्या मानाने फार कमी. लेबल फाटलं असेल तर ओल्या हाताने कापड दाबून दोन्ही बाजूंनी ओढून बघा. नायलॉन हाताला रबरासारखं जाणवतं.

समोरच्या दांडीला लागून थांबलं तर कापड नीट आहे, दांडी लवतेय. स्वस्त बॅग-ऑनिंगमध्ये, म्हणजे पिशवीत गुंडाळून रॅकला टांगतात त्या प्रकारात, दोन मीटरची दांडी दोन तुकड्यांची असते आणि जोडावरच वाकते. इथे उतार वाढवून उपयोग नाही. दांडीच्या मधोमध तिसरा पाय द्यावा लागतो. त्याच मापाचा सरकता पाय सुटा मिळतो. नाही मिळाला तर २५ मिमीचा ॲल्युमिनियम पाइप, वरच्या टोकाला रबरी बूच. दांडीच्या टोकांना वेल्क्रोचे पट्टे असतात तेही बघा. एक सैल आणि एक आवळलेला असेल तर दांडीलगत कायम सुरकुती पडते, आणि पाण्याला सुरकुती पुरते.

गाडीला लागून थांबलं तर समोरचे पाय जास्त उंच केलेत. ऑनिंगखाली ताठ उभं राहता यावं म्हणून बहुतेक जण हेच करतात. पाणी मग गाडीकडे वळतं आणि सरकत्या दारात पडतं. पाय बरोबर असतील तर गाडी ऑनिंगच्या विरुद्ध बाजूला कललेली आहे. पाण्याने अर्धी भरलेली बाटली दारातल्या फळीवर आडवी ठेवा, लगेच कळेल. चाकाखाली फळकूट घालून गाडी आधी सपाट करा आणि नंतर ऑनिंग सोडा. उलट क्रमाने केलं तर पायांची मापं पुन्हा लावावी लागतात.

एकाच कोपऱ्यात थांबलं आणि तिथून वाहून गेलं, तर काही करू नका. तेच हवं आहे.

वजनाचा हिशेब

१ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर, म्हणजे एक किलो. २ मीटर बाय २.५ मीटरचं ऑनिंग ५ चौरस मीटरचं. तासाभरात ३० मिमी पाऊस झाला, आणि कोकणात ही काही अचंब्याची गोष्ट नाही, तर कापडावर १५० लिटर पाणी येतं. सगळं वाहून गेलं तर काही प्रश्न नाही. पण ८० सेंमी रुंद आणि १० सेंमी खोल असा एक खळगा जरी धरला तरी त्यात सुमारे २५ लिटर पाणी मावतं. पाण्याने भरलेला घरचा मोठा जार कापडाच्या मधोमध टांगल्यासारखं झालं. शिवाय खळगा वाढतो तसा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, त्यामुळे पहिला खळगा पडूच न देणं एवढंच आपल्या हातात असतं.

त्यासाठी उतार किती? साध्या ऑक्सफर्ड पॉलिएस्टरला दर मीटरला २५ सेंमी. पीव्हीसीचा लेप असलेलं, रोलरवर गुंडाळलं जाणारं ताठ कापड असेल तर २० सेंमीवर भागतं. याहून कमी उतारावर रिमझिम निभते, सर निभत नाही.

आता हाच उतार गाडीवर लावून बघा

मारुती ईकोची उंची १.८२५ मीटर. वर रॅक लावून त्याच्या कडेला ऑनिंगची बॅग बसवली की कापड साधारण १.८५ मीटरवरून निघतं. ऑनिंग २.५ मीटर बाहेर येणारं घेतलं आणि दर मीटरला २५ सेंमी उतार दिला, तर समोरची कड ६२ सेंमी खाली, म्हणजे १.२३ मीटरवर येते. माणसाच्या छातीएवढी. कुणीही ते इतकं खाली बांधणार नाही. सगळे समोरची कड १.८० ला ठेवतात, उतार नावापुरता उरतो आणि पोट सुटतं. ईको, ओम्नी अशा ठेंगण्या गाड्यांवरच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

ट्रॅव्हलर किंवा उंच छताची विंगर असेल तर गणित बदलतं. पट्टी २.३० मीटरवर बसली तर २.५ मीटरच्या ऑनिंगला पूर्ण उतार देऊनही समोरची कड १.६८ ला राहते. दोन मीटरचं घेतलं तर १.८० ला. ऑनिंग गाडीबरोबर बदलतं ते यासाठी. मित्राच्या ट्रॅव्हलरवर उत्तम चाललेलं मॉडेल तुमच्या ईकोवर वैताग देणार.

उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. टायरची हवा, रॅक, आत भरलेलं सामान यांनी तीन-चार सेंमीचा फरक सहज पडतो. गाडी मुक्कामाला भरता तशी भरा, सपाट जागी उभी करा आणि पट्टी जिथे बसणार तिथून जमिनीपर्यंत टेप लावा.

आहे ते ऑनिंग निभवायचं असेल तर

ठेंगण्या गाडीला कोपरा-उतार हा सगळ्यात स्वस्त उपाय. समोरच्या दोन्ही पायांची उंची सारखी ठेवायची नाही. पट्टी १.८५ ला असेल तर एक पाय १.७५ ला आणि दुसरा १.३५ ला लावा. पाणी खालच्या कोपऱ्याकडे धावतं, तिथे बादली ठेवली की भांडी घासायला पाणीही मिळतं. ये-जा उंच कोपऱ्यातून करायची. खालचा कोपरा वाऱ्याच्या दिशेला ठेवला तर पावसाचे शिंतोडेही अडतात. उंच पाय १.८० च्या वर नेऊ नका, नाहीतर त्या बाजूचं पाणी गाडीकडे फिरतं. आणि आपला सरकता पाय १.३५ पर्यंत खाली येतो का ते आधी बघा. काही पाय १.५० ला अडतात.

दुसरा उपाय म्हणजे कापडाला खालून कमान देणं. २५ मिमीचा वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, पट्टी ते समोरची दांडी या अंतरापेक्षा २ ते ३ सेंमी लांब कापा, दोन्ही टोकांना रबरी बूच घाला आणि थोडा वाकवून मधोमध अडकवा. पाइप वर उचलला जातो आणि कापडाची जेवढी ढील असेल तेवढी खाऊन टाकतो. पाणी दोन्ही बाजूंना वाटलं जातं. टोकाला बूच न घालता कापलेली कड तशीच ठेवली तर एका रात्रीत कापडाला भोक पडतं. पाइप ५ सेंमी लांब कापण्याचा मोह होतो, पण तेवढा ताण बॅगेच्या शिवणीवर जातो आणि शिवण उसवते.

पेटीतल्या रोलरवर गुंडाळल्या जाणाऱ्या कॅसेट-ऑनिंगसाठी अशाच कामाची तयार ॲल्युमिनियम दांडी वेगळी विकत मिळते. तीन मीटरपेक्षा लांब कॅसेट असेल तर ती ऐनवेळी आठवून उपयोग नाही, ऑनिंगबरोबरच घ्या.

पागोळ्या दारातच पडतात

ही दुसऱ्या क्रमांकाची तक्रार. बॅग-ऑनिंग रॅकला टांगलेलं असतं, त्यामुळे गाडीचं छत आणि बॅग यांच्यात ८ ते १२ सेंमीची फट राहते. छतावरचं सगळं पाणी त्या फटीतून सरळ दाराच्या उंबरठ्यावर. सीलंट भरून ही फट बंद होत नाही, कारण रॅक आणि छत प्रवासात वेगवेगळे हलतात.

त्याऐवजी झालर शिवून घ्या. टेम्पोचे हूड शिवणारा कारागीर पीव्हीसी-लेपाची ३० सेंमी रुंद पट्टी ऑनिंगच्या लांबीपेक्षा २० सेंमी जास्त शिवून देतो. एका कडेत चपटे लोहचुंबक शिवून घ्यायचे, दर २० सेंमीला एक, आणि ती कड छताच्या पत्र्यावर ठेवायची. दुसरी कड ऑनिंगच्या कापडावर किमान १५ सेंमी पसरू द्यायची. छताला पन्हळ असलेल्या जुन्या गाड्यांना चुंबकाऐवजी पन्हळीत बसणाऱ्या क्लिपा जास्त पक्क्या. चुंबकाखाली वाळूचा कण राहिला तर रंगावर ओरखडा उठतो, तेव्हा चुंबक कापडाच्या आतच शिवलेले असू द्या आणि निघताना झालर काढून ठेवा. चालत्या गाडीवर ती टिकत नाही.

वारा

पावसाने ऑनिंग वाकतं, वाऱ्याने ते उडतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ५ चौरस मीटरच्या कापडावर ताशी ३० किमीच्या वाऱ्याचा जोर साधारण २० किलोचा, ६० किमीच्या झोताचा ८५ किलोच्या घरात. त्यातला अर्धा भार रॅकवर आणि उरलेला समोरच्या दोन पायांवर धरला तरी प्रत्येक पायाला २० किलोपेक्षा जास्त धरून ठेवायला हवं. म्हणजे पायाशी ठेवलेला पाण्याचा २० लिटरचा एक जार ६० च्या झोतात कसाबसा पुरेल, नाही पुरेल अशा काठावर आहे.

किनाऱ्यावर गाडी उभी करताना दिशा पाहिली तर अर्धं काम होतं. आपल्याकडे गाडीतून उतरायची फुटपाथची बाजू डावी, म्हणून ऑनिंगही डावीकडे. कोकणात दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो. गाडीचं नाक दक्षिणेला केलं की डावी बाजू पूर्वेला येते. गाडी वारा अडवते आणि दुपारनंतरचं ऊनही. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो खरा, पण तो सौम्य असतो. समुद्र दिसावा म्हणून ऑनिंग पश्चिमेला उघडणारे बरेच असतात. त्यांनी दुपारी चारनंतर ते गुंडाळायची तयारी ठेवावी.

पवना, पानशेत, भंडारदरा अशा जलाशयांच्या काठी वारा डोंगराच्या घळीतून येतो आणि दिशा बदलतो. तिथे आधी अर्धा तास गाडीजवळ एक फडकं टांगून बघावं.

एप्रिल-मेचा वळीव मात्र कुठल्याही बांधणीला जुमानत नाही. गार झोत आला, धूळ उठली की मिनिटभरात ऑनिंग आत घ्यायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडत असल्याचा इशारा देतं. ते फोनमध्ये असू द्या. विजांच्या वेळी धातूच्या पायांजवळ थांबू नका, काचा लावून गाडीत बसा. रात्री झोपताना ऑनिंग उघडं ठेवायचंच असेल तर ते सर्वात खालच्या उंचीवर आणा आणि ताणदोर बांधलेले असू द्या.

खुंट्या: जमीन बघून

ऑनिंगबरोबर येणाऱ्या बारीक चकचकीत खुंट्या हिरवळीवरच्या प्रदर्शनासाठी ठीक आहेत. आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून १० मिमी सळईच्या ४५ सेंमी लांबीच्या आठ खुंट्या करून घ्या, एका टोकाला टोक आणि दुसऱ्याला वाकडा आकडा. मुरमात त्या हातोड्याने जातात आणि हलत नाहीत. देशावरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात याच खुंट्या पक्क्या बसतात, पण माती भिजली की लोण्यात घातल्यासारख्या निघून येतात. तिथे सळईऐवजी २५ मिमीचा लोखंडी अँगल हवा. खुंटी दोराच्या ओढीच्या विरुद्ध दिशेला कललेली ठोका, दोर आणि खुंटी यांच्यात काटकोन होईल अशी.

वाळूत खुंटी ठोकणं म्हणजे वेळ घालवणं. गुहागर असो की तारकर्ली, उपाय एकच: रिकाम्या गोणीत वाळू भरा, मधोमध दोर बांधा, अर्धा मीटर खोल पुरा आणि वर वाळू तुडवा. निघताना गोणी उकरून काढायला विसरू नका.

रत्नागिरीच्या सड्यावर जांभ्याचा कातळ. तिथे खुंटी वाकते, कातळ ढिम्म. दर पायाला पाण्याचे दोन जार, आणि दोर दांडीच्या टोकापासून सरळ खाली जारच्या मुठीला. तिरपा बांधला तर वाऱ्यात जार सरकतो. याशिवाय एक तिरपा दोर एखाद्या जड दगडाला.

दोर ५ किंवा ६ मिमीचा पॉलिएस्टरचा घ्या. सुती दोर भिजून आखडतो आणि खुंटी उपटतो, नायलॉनचा भिजून सैल पडतो. प्रत्येक दोरात सायकलच्या ट्यूबची एक कडी घातली तर झोताचा पहिला झटका ती घेते आणि ब्रॅकेट वाचतो.

नवीन घेताना: कुठला प्रकार कुणाला

गाडी उंच असेल आणि दिवसभर एकाच जागी राहणार असाल तर बॅग किंवा कॅसेट. २ बाय २.५ मीटरच्या बॅगचं वजन साधारण १० ते १४ किलो, तीन मीटरच्या कॅसेटचं २० ते २५. माप विचारताना एक खबरदारी: '२ बाय २.५' मधलं कुठलं माप गाडीच्या लांबीला आणि कुठलं बाहेर येणारं, हे विक्रेते आपापल्या पद्धतीने लिहितात. ठेंगण्या गाडीला बाहेर येणारं माप दोन मीटरपेक्षा जास्त घेऊच नका. जागा हवी तर लांबीत वाढवा. कागदावरची सगळी जागा वापरता येत नाही हेही धरून चला. पावसात समोरची ३० ते ४० सेंमीची पट्टी ओलीच राहते. म्हणून २ बाय २.५ खाली एक खाट आणि एक छोटं टेबल बसतं. चार खुर्च्या आणि स्वयंपाक दोन्ही एका वेळी नाही.

गाडीच्या बाजूला आणि मागे मिळून पंख्यासारखं उलगडणारं २७० अंशांचं ऑनिंग दिसायला देखणं असतं, जागाही भरपूर देतं. पण त्याचं वजन २० किलोच्या वर, आणि सगळं एका कोपऱ्यातल्या बिजागरीवर. कंपनीच्या पुस्तिकेत छतावर किती वजन चालतं ते आधी वाचा, त्यात रॅकचं वजनही मोजा. 'पायांशिवाय उभं राहतं' ही जाहिरात वारा नसलेल्या दिवसापुरती खरी.

ठेंगण्या गाडीला खरी राहती जागा हवी असेल तर स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा तंबू घ्या, ज्याचा फक्त एक बोगदा गाडीला जोडला जातो. उतार तंबूचा स्वतःचा असतो, त्यामुळे गाडीच्या उंचीचं बंधन सुटतं, शिवाय तंबू जागेवर ठेवून गाडी घेऊन फिरायला जाता येतं. युरोपात हा प्रकार रुळलेला आहे आणि तिथून मागवणारे इथेही आहेत. तिकडच्या वर्गवारीत ठेंगण्या गाड्यांचा बोगदा बहुधा १.८० ते २.१० मीटरसाठी असतो. ईको त्यात अगदी तळाला बसते, म्हणून बोगदा थोडा सैल लोंबतो. गाडी अर्धा मीटर लांब उभी करून तो ताणून घ्यावा लागतो. ट्रॅव्हलरसाठी हा गट चालणार नाही, त्याच्या वरचे गट बघा.

या तंबूंची नेहमीची तक्रार म्हणजे बोगदा पट्टीतून निसटतो. बोगद्याच्या कडेला शिवलेली गोल दोरी, म्हणजे केडर, गाडीवरच्या ॲल्युमिनियमच्या खाचेत सरकवायची असते. साध्या पट्टीला ६ मिमीचा केडर लागतो, कॅसेटच्या समोरच्या खाचेला बहुधा ४ मिमीचा. मध्ये जोडायला दोन्ही कडांना केडर असलेली पट्टी मिळते, ६-६ किंवा ४-६ अशी. ६ च्या खाचेत ४ चा केडर घातला की जातो सुळकन, आणि पहिल्या वाऱ्यात येतोही सुळकन. आपल्या मंडपवाल्यांकडच्या मोठ्या तंबूंचा केडर याहून जाड असतो, तो इथे उपयोगाचा नाही. माप बरोबर असूनही निसटत असेल तर गाडी हलतेय. चार माणसं चढली-उतरली की स्प्रिंगा दबून गाडी दोन-तीन सेंमी खाली-वर होते. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि बोगद्यात तळहात मावेल एवढी ढील ठेवा. फिरून परत आल्यावर गाडी जागच्या जागी यावी म्हणून पुढच्या चाकाशी विटेची खूण करून ठेवा.

युरोपातून तंबू किंवा ऑनिंग मागवताना दाराची बाजूही विचारा. तिकडच्या बऱ्याच गाड्यांचं दार उजवीकडे असतं.

पैसे भरण्याआधी एक काम घरीच करा. घ्यायच्या मापाची ताडपत्री आणि दोन बांबू आणा, गाडीला तशाच उंचीवर बांधा, बरोबर न्यायच्या खुर्च्या, खाट, शेगडी आत मांडा आणि बादलीभर पाणी ओता. डोकं कुठे आपटतं, दार किती सरकतं, मागचं झाकण उघडताना काय अडतं, सगळं तासाभरात दिसतं.

कापड आणि कनाती

पाणी अडवायला १५०० मिमी जलदाबाचं (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब न गळता सोसणारं) कापड पुरतं, ३००० मिमीचं असेल तर निर्धास्त. गळती कापडातून क्वचितच होते, शिवणीतून होते. म्हणून शिवणीवर आतून टेप आहे का ते बघा. पॉलिएस्टर-कॉटनचं मिश्र कापड उन्हात जास्त गार राहतं, पण नवं असताना शिवणीतून ठिबकतं. दोन-तीन वेळा भिजवून वाळवलं की धागे फुगून भोकं बुजतात. ते जड असतं आणि वाळायला दिवस घेतं, म्हणून पावसाळी वापराला पॉलिएस्टर बरं.

कनाती दोन बाजूंना पुरेत. तिन्ही बाजू बंद केल्या की ऑनिंगचं शीड होतं, आणि आत दमट हवा कोंडून पहाटे छतातून थेंब पडू लागतात. त्याला लोक गळती समजतात. वरच्या कडेला वीतभर फट ठेवली की ते थांबतं. कनाती बंद करून आत गॅस किंवा कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बसवताना

रॅकला लावायचं असेल तर ऑनिंगच्या पाठीच्या खाचेत ८ मिमीचे बोल्ट, ५ मिमी जाडीचे एल-ब्रॅकेट, प्रत्येकाला रुंद वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने सैल न होणारा. अडीच मीटरला दोन ब्रॅकेट चालतात असं म्हणतात. घाटातल्या खड्ड्यांसाठी तीन लावा. साधे नट लावले तर वरंधा उतरेपर्यंत सैल होतात.

रॅक नसेल आणि पट्टी थेट पत्र्यावर बसवायची असेल तर पत्र्याचे स्क्रू मारून भागणार नाही. छताचा पत्रा एक मिमीहून पातळ असतो, स्क्रूचे आटे त्यात धरत नाहीत. रिव्हनट, म्हणजे पत्र्यात रिव्हेटसारखे बसणारे आटेदार नट, घाला आणि आतून ३ मिमीची पट्टी द्या. भोकाच्या कडांना आधी गंजरोधक प्रायमर, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं आणि त्यावर नंतर रंगही बसत नाही.

बॅग गाडीच्या बाजूच्या आरशांच्या रेषेबाहेर जाता कामा नये. सहज काढता येणारं सामान आणि गाडीत कायमचा बदल यांत आरटीओ फरक करतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, म्हणून कायमची कॅसेट बसवण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.

पहिल्या १०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नंतर दर मुक्कामाला हाताने हलवून बघा. किनाऱ्यावरून आलात तर पाय पूर्ण बाहेर ओढून गोड्या पाण्याने धुवा. फिरवून आवळायचे पाय वाळूने जाम होतात. पर्याय असेल तर खटक्याचे घ्या. ओलं ऑनिंग गुंडाळावं लागलं तर दोन दिवसांच्या आत उघडून वाळवा. दमट गुंडाळीत बुरशी येतेच, शिवाय आतला पीयू लेप चिकट होऊन पापुद्र्यासारखा सुटू लागतो, आणि एकदा सुटू लागलेला लेप कुठल्याही स्प्रेने परत बसत नाही.